मांजराची शुगर: खाणे, इन्सुलिन आणि घरातली काळजी

आपल्याकडे बहुतेक घरांत कुणाला ना कुणाला शुगर असते. बिनसाखरेचा चहा, फ्रीजच्या दारात इन्सुलिनची बाटली, कपाटात ग्लुकोमीटर, हे सगळे ओळखीचे. पण हाच आजार घरातल्या मांजरालाही होतो असे सांगितले की लोक आधी हसतात. आम्हीही हसलो होतो. आमचा बोका नऊ वर्षांचा, नसबंदी झालेला, साडेसहा किलोचा. पाण्याचे भांडे दिवसातून तीनदा रिकामे करू लागला, तेव्हा घरात सगळे म्हणाले, उन्हाळा आहे. पुढे तो खायला दुप्पट मागू लागला आणि तरी पाठीचा कणा हाताला लागायला लागला. तेव्हा कुठे डॉक्टरांकडे नेले.

त्यानंतरच्या दीड वर्षात डॉक्टरांनी जे समजावले आणि आमच्या चुकांमधून जे कळले, ते येथे एकत्र मांडत आहोत. औषध आणि डोस तुमचे पशुवैद्यकच ठरवतील. पण रोजचे खाणे, सुई आणि लक्ष ठेवणे हे घरच्यांचे काम आहे, आणि ते नीट झाले तर मांजर चांगले जगते.

आजार नेमका काय असतो

स्वादुपिंडातून इन्सुलिन निघते आणि ते रक्तातली साखर पेशींपर्यंत पोहोचवते. मांजरांमधला मधुमेह बहुतेक वेळा माणसांच्या टाइप २ सारखा असतो. म्हणजे शरीर इन्सुलिनला दाद देत नाही आणि हळूहळू स्वादुपिंडही थकत जाते. रक्तात साखर भरपूर, पण पेशी उपाशी. म्हणून मांजर खूप खाते आणि तरी वाळते.

रक्तातली साखर साधारण २५० ते ३०० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडाला ती अडवता येत नाही. ती लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते. म्हणून लघवी वाढते आणि तहानही वाढते.

धोका कुणाला जास्त? सात-आठ वर्षांच्या पुढची, लठ्ठ, घरातच बसून राहणारी मांजरे, आणि त्यातही नसबंदी झालेले बोके. खाज किंवा दमा यासाठी वारंवार स्टिरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन दिले असेल तरी शुगर वाढू शकते. स्वादुपिंडाची सूज हेही एक कारण आहे.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

- पाणी पिणे आणि लघवी अचानक वाढणे. ट्रेमधल्या वाळूचे गोळे मोठे आणि जास्त दिसतात. लघवीच्या जागी मुंग्या लागल्या तर तोही इशारा समजा.
- भूक चांगली असून वजन उतरणे.
- केस रूक्ष होणे, अंग चाटून साफ करणे कमी होणे.
- उडी न मारता येणे, मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालणे. साखरेने नसांवर परिणाम झाल्याची ही खूण आहे.

खाणे बंद, उलट्या, सुस्ती आणि तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास, असे एकत्र दिसले तर ती कीटोअॅसिडोसिसची शक्यता असते. तेव्हा सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा.

एका आकड्यावर निदान होत नाही

हे खूप जणांना माहीत नसते. निरोगी मांजराची साखर साधारण ७० ते १५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते. पण पिशवीत कोंडून, रिक्षातून, कुत्र्यांच्या भुंकण्यात दवाखान्यात नेले की घाबरूनच तिची साखर ३०० च्या पुढे जाऊ शकते. म्हणून चांगले डॉक्टर रक्तासोबत लघवीतली साखरही बघतात आणि फ्रुक्टोसामिन नावाची तपासणी सांगतात. माणसांच्या एचबीए१सी तपासणीसारखी ती मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी कल्पना देते. लघवीत जंतुसंसर्ग आहे का, मूत्रपिंड, थायरॉइड आणि दात कसे आहेत, हेही तपासून घ्यावे. अंगात कुठे संसर्ग असेल तर इन्सुलिन नीट काम करत नाही.

खाणे: मांजर मुळात मांस खाणारे

आपल्या घरांत मांजर म्हटले की दूध-चपाती, दूध-पाव, भात-मासे. प्रेमापोटीच देतो आपण. पण मांजराचे शरीर मांसावर चालण्यासाठी बनलेले आहे. तिच्या लाळेत पिष्ट पचवणारे एन्झाइम जवळपास नसते, आणि एकदम आलेली साखर हाताळणारे यकृतातले एन्झाइमही फारच कमी असते. कुत्रा भात पचवतो तसे मांजराचे नाही.

म्हणून मधुमेही मांजराच्या खाण्याचे सूत्र सोपे आहे: प्रथिने जास्त, कर्बोदके अगदी कमी. एकूण ऊर्जेपैकी साधारण १२ टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा कर्बोदकांतून यावी, असे पशुवैद्यक सांगतात. बाजारातले कोरडे दाणे या हिशेबात क्वचितच बसतात, कारण दाणा बनवायलाच पिष्ट लागते. डबाबंद किंवा पाउचमधले ओले खाणे बहुतेक वेळा बरे पडते. त्यातून पाणीही पोटात जाते.

पाकिटावर कर्बोदकांचा आकडा नसतो, पण तो काढता येतो. सातवीच्या मुलांना जमेल असे गणित आहे. प्रथिने, स्निग्धांश, तंतू, राख आणि ओलावा यांची बेरीज १०० मधून वजा करा. राख लिहिली नसेल तर कोरड्या खाण्यात ८ आणि ओल्यात २ धरा. मग प्रथिने आणि कर्बोदके यांना प्रत्येकी ३.५ ने आणि स्निग्धांशाला ८.५ ने गुणा.

उदाहरण १, कोरडे दाणे: प्रथिने ३२, स्निग्धांश १०, तंतू ४, राख ८, ओलावा १०. बेरीज ६४, म्हणजे कर्बोदके ३६. ऊर्जा: ११२ अधिक ८५ अधिक १२६, एकूण ३२३. त्यात कर्बोदकांचा वाटा सुमारे ३९ टक्के.

उदाहरण २, ओले खाणे: प्रथिने १०, स्निग्धांश ४, तंतू १, राख २, ओलावा ८२. बेरीज ९९, म्हणजे कर्बोदके १. ऊर्जा: ३५ अधिक ३४ अधिक ३.५, एकूण ७२.५. वाटा ५ टक्क्यांच्या आत.

पाकिटावरचे आकडे 'किमान' आणि 'कमाल' असे असतात, म्हणून हा हिशेब अंदाजाचा आहे. पण दोन पाकिटांमध्ये निवड करायला तो पुरतो. 'ग्रेव्ही' लिहिलेल्या पाउचमध्ये कधी कधी पिष्ट घालून रस्सा घट्ट केलेला असतो, त्यामुळे ओले आहे म्हणून डोळे मिटून घेऊ नका.

एक मोठी सावधगिरी

मांजर इन्सुलिनवर असताना एकदम दाणे बंद करून ओले खाणे सुरू केले, तर साखर झपाट्याने खाली येते. जुना डोस तसाच चालू राहिला तर जीवावर बेतू शकते. म्हणून खाणे बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा, बदल ७ ते १० दिवसांत हळूहळू करा आणि त्या काळात साखर जास्त वेळा मोजा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर जास्त प्रथिनांचे खाणे चालेल का, हेही आधी विचारून घ्या.

घरचे खाणे: काय चालते, काय नाही

- उकडलेले चिकन, मीठ-मसाल्याशिवाय, हाड काढून: वरचे खाणे म्हणून चांगले. पण नुसत्या चिकनवर मांजर ठेवू नये. त्यात कॅल्शियम पुरेसे नसते, आणि उकडताना टॉरिन पाण्यात उतरते. टॉरिन कमी पडले की मांजराचे हृदय आणि डोळे बिघडतात. पूर्ण घरचेच द्यायचे असेल तर डॉक्टरांकडून प्रमाण आणि पूरक औषधे लिहून घ्या.
- मासे: उकडून, काटे काढून, कधीतरी. कच्चे मासे रोज दिल्यास ब१ जीवनसत्त्व कमी पडते. सुके बोंबील, सुकट खारट असतात, ते नकोत.
- अंडे: उकडलेले, थोडेसे चालते.
- कलेजी: मांजराला जीव की प्राण, पण रोज नको. 'अ' जीवनसत्त्व जास्त होऊन हाडांना त्रास होतो.
- कांदा-लसूण घातलेले सालन, बिर्याणीतली बोटी, कबाब: अजिबात नको. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात.
- दूध, चपाती, पाव, भात, बिस्किट: बंद.

मेथीचे पाणी, कारल्याचा रस असे उपाय मांजरावर करू नका. घरातल्या माणसाची शुगरची गोळी अंदाजाने तोडून देणे तर फारच धोक्याचे.

वजन उतरवा, पण उपाशी ठेवून नाही

लठ्ठ मांजराचे वजन कमी झाले की इन्सुलिन जास्त चांगले लागू पडते. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का उतार पुरेसा आहे. सहा किलोच्या मांजरासाठी म्हणजे ३० ते ६० ग्रॅम. चार किलो आदर्श वजनाच्या मांजराला दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी लागतात, पाच किलोवाल्याला सुमारे २३५. नेमका आकडा डॉक्टर ठरवतील. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर यकृतात चरबी साचून ते दगावू शकते. म्हणून 'भूक लागली की खाईल' हा हट्ट मांजरासोबत करू नये.

उलट, आजाराने आधीच वाळलेल्या मांजराला सुरुवातीला वजन भरण्यापुरते खायला द्यावे लागते.

इन्सुलिन आणि सिरिंजची चूक

बहुतेक मधुमेही मांजरांना दिवसातून दोनदा, १२ तासांच्या अंतराने इन्सुलिन लागते. सुरुवातीचा डोस छोटा असतो, बहुधा दर वेळी १ ते २ युनिट. माणसांचे ग्लार्जिन, आणि जनावरांसाठीचे प्रोझिंक किंवा कॅनिन्सुलिन ही वापरात असलेली नावे. आधी खायला द्यायचे, ते खाल्ले याची खात्री करायची, मग सुई. मानेजवळची किंवा कुशीची कातडी चिमटीत उचलून द्यायची. सुई इतकी बारीक असते की आमचा बोका ताटलीतून तोंडही वर काढत नसे.

आता आमची चूक. ती लिहायला लाज वाटते, पण लिहिलीच पाहिजे. आमच्या अम्मींना इन्सुलिन चालू आहे, ४० युनिटवाले. आपल्याकडे माणसांच्या इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्या दर मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपणाची. बोक्याचे ग्लार्जिन मात्र १०० युनिटचे, त्याची सिरिंज नारंगी टोपणाची. एका संध्याकाळी नारंगी सिरिंज संपल्या होत्या. अम्मींच्या डब्यातली घेतली आणि दोनच्या खुणेपर्यंत भरली. सुई तीच, खूण तीच, मग फरक काय पडतो?

फरक अडीच पटीचा पडतो. यू-४० सिरिंजच्या दोनच्या खुणेत ०.०५ मिलिलिटर मावते, आणि १०० युनिटवाल्या औषधात तेवढ्याचे ५ युनिट होतात. रात्री साडेबाराला बोका हमामाच्या दारात पाय फाकून उभा होता, मान डोलत होती. मीटरने ३८ दाखवले. हिरड्यांना मध चोळत, दवाखान्याला फोन लावत ती रात्र काढली. तो वाचला. पण वर्गात एककांचे रूपांतर शिकवणाऱ्यांच्याच घरात हे घडले.

तेव्हापासून आमच्या घरात नियम असे आहेत:

- बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळला तरच भरायचे. सिरिंज नसेल तर तो डोस चुकला तरी चालेल, डॉक्टरांना फोन करायचा.
- अम्मींचा डबा फ्रीजच्या दारात, बोक्याचा वेगळ्या रंगाचा डबा वरच्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही.
- सुई दिली की कॅलेंडरवर वेळ आणि सही. दोघांनी दोनदा दिली असे होऊ नये म्हणून. दिली की नाही याची शंका आली, तर पुन्हा द्यायची नाही.
- मांजर जेवले नाही किंवा उलटी झाली, तर सुई देण्याआधी डॉक्टरांना विचारायचे.
- ग्लार्जिन पाण्यासारखे स्वच्छ असते. गढूळ दिसले तर टाकून द्यायचे.

बऱ्याच घरांत विचारला जाणारा एक प्रश्न येथेच घेऊ. कॅनिन्सुलिन हे डुकरापासून मिळणारे इन्सुलिन आहे. ग्लार्जिन जिवाणूंच्या मदतीने तयार होते. ही बाब तुमच्यासाठी महत्त्वाची असेल तर पहिल्या भेटीतच डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, पर्याय असतो. शरई बाजू मुफ्तीसाहेबांना विचारा. पण चालू असलेले औषध मधेच मनाने बंद करू नका.

अलीकडे मांजरांसाठी तोंडाने देण्याची औषधेही आली आहेत. अमेरिकेत २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन आणि २०२३ मध्ये वेलाग्लिफ्लोझिन मंजूर झाले. ती प्रत्येक मांजराला चालत नाहीत. आधी इन्सुलिन घेतलेल्या मांजरासाठी ती नाहीत, आणि साखर साधारण दिसत असतानाही कीटोअॅसिडोसिसचा धोका राहतो. हा निर्णय डॉक्टरांचाच.

साखर खाली गेली तर

साखर ६० च्या खाली म्हणजे धोका. अशक्तपणा, तोल जाणे, थरथर, एकदम हावरटपणा, शून्यात बघणे, शेवटी झटके आणि बेशुद्धी.

- शुद्धीत असेल आणि गिळत असेल तर लगेच खायला द्या. या वेळी गोड चालते.
- खात नसेल तर मध, साखरेचा पाक किंवा ग्लुकोज पावडरचे घट्ट पाणी बोटाने हिरड्यांना चोळा. झटके येत असतील तर तोंडात काही ओतू नका, फुप्फुसात जाते. बोटही दातांमध्ये घालू नका, ओठाच्या आतल्या बाजूला चोळा.
- बरे वाटले तरी दवाखान्यात न्या. इन्सुलिनचा असर तासन्‌तास टिकतो आणि साखर पुन्हा पडू शकते.

घरी मोजणे

कानाच्या कडेला बारीक शीर दिसते. कान कोमट कापडाने शेकून तिथे टोचायचे, एक थेंब पुरतो. माणसांचा मीटर मांजराच्या रक्तात बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो. जनावरांसाठीचा मीटर मिळाला तर उत्तम, नाहीतर नेहमी एकच मीटर वापरा आणि तो कोणता आहे ते डॉक्टरांना सांगा.

डॉक्टर सांगतील त्या दिवशी दर दोन तासांनी, १२ तास साखर मोजून तक्ता करायचा. सर्वात खालचा आकडा ८० ते १५० च्या दरम्यान आणि दिवसातला बराचसा वेळ ३०० च्या खाली, असे साधारण लक्ष्य असते. एक आकडा जास्त दिसला म्हणून डोस वाढवू नका. नव्या डोसला स्थिर व्हायला पाच-सात दिवस द्यावे लागतात. आकड्यांइतकेच महत्त्वाचे म्हणजे पाणी किती प्यायले, ट्रेमध्ये गोळे किती, आणि आठवड्याचे वजन. हे सगळे एका वहीत लिहा. डॉक्टरांना तोंडी वर्णनापेक्षा वही जास्त सांगते.

रमजान आणि बकरी ईद

रमजानमध्ये घराचे घड्याळ बदलते, मांजराचे बदलता कामा नये. सहरीला आणि इफ्तारला सुई देऊ असे ठरवणे सोपे वाटते, पण त्या दोहोंत बारा तासांपेक्षा जास्त अंतर पडते, आणि इफ्तार ते सहरी तेवढेच कमी. त्यापेक्षा सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा अशी वेळ बांधा. संध्याकाळी सहाला स्वयंपाकघरात धावपळ असते, म्हणून हे काम घरातल्या एका जबाबदार मुला-मुलीकडे द्या आणि मोबाइलवर गजर लावा. वेळ बदलायचीच असेल तर कशी सरकवायची हे रमजानच्या आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

बकरी ईदला घरात गोश्त असते, पाहुणे असतात, आणि प्रत्येक जण मांजराला एक तुकडा टाकतो. चरबीच्या तुकड्यांनी पोट बिघडते, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. त्या तीन दिवसांत मांजराला एका खोलीत ठेवा आणि दारावर चिठ्ठी लावा. शेजारच्या मुलांनाही समजावून सांगा. मुले ऐकतात.

इन्सुलिन सुटते का

माणसांपेक्षा मांजरे येथे नशीबवान आहेत. निदान लवकर झाले, खाणे कमी कर्बोदकांचे झाले, वजन उतरले आणि पहिल्या काही महिन्यांत साखर नीट ताब्यात राहिली, तर अनेक मांजरांचे इन्सुलिन पूर्ण सुटते. पण आजार पुन्हा येऊ शकतो, म्हणून खाणे तेच ठेवायचे आणि मोजणे चालू ठेवायचे. ज्यांचे सुटत नाही तीही मांजरे दोन वेळच्या सुईवर वर्षानुवर्षे राहतात.

आमच्या बोक्याचे इन्सुलिन पाचव्या महिन्यात डोस कमी करत करत थांबले. आज तो सव्वापाच किलोचा आहे आणि खिडकीवर उडी मारतो. दर शुक्रवारी सकाळी अम्मी आपली साखर तपासतात आणि मग त्याचा कान शेकायला घेतात. वहीत दोघांचे आकडे शेजारी शेजारी लिहिलेले असतात.

घरातले मांजर जास्त पाणी पिताना दिसले, तर उन्हाळ्यावर ढकलू नका. एक दिवस भांड्यात किती पाणी ओतले आणि किती उरले ते मोजा, आणि तो आकडा घेऊन डॉक्टरांकडे जा. आम्ही तेवढे तीन महिने आधी केले असते, तर त्याच्या मागच्या पायांना झालेला त्रास टळला असता.